गणपतीतला फार्स आणि हेडक्लार्कची जागा

११ ऑगस्ट १९५७, रविवार. जमलेली वर्गणी एकशे बारा रुपये. हजर तिघं: मंडळाचा खजिनदार म्हणून मी, शेजारचे वरिष्ठ लिपिक आणि चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी. टी. टी. नगरातल्या माझ्या क्वार्टरमध्ये गणपतीतल्या नाटकाची बैठक होती. आम्ही मूळ नागपूरचे. राजधानी भोपाळला हलली, तशा फायली आल्या आणि फायलींमागून आम्ही.

नाटक मी लिहिलं होतं. एका कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी होते आणि तीन कारकून साहेबांच्या मागे लागतात, असा फार्स. आमच्या कचेरीतही ती जागा लवकरच रिकामी व्हायची होती. ज्येष्ठतेनं ती शेजाऱ्यांची. त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि पेन्शन शेवटच्या पगारावर बसणार होती, म्हणून त्यांचं सगळं घर त्या जागेकडे डोळे लावून होतं. यादीत त्यांच्या खाली माझं नाव होतं.

नाटकात साहेबांचं काम शेजाऱ्यांकडे होतं. आमचे खरे साहेब ग्वाल्हेरचे मराठी गृहस्थ. नकार द्यायचा असला की आधी चष्मा काढून पुसायचे, मग म्हणायचे, "देखेंगे, जरूर देखेंगे." ते मी हेरून नाटकात घातलं होतं.

"खजिनदार, साहेबांना निमंत्रण नका देऊ हो," शेजारी म्हणाले.

"त्यांनी पाच रुपये दिलेत. यादीत नाव आहे."

"यादी तुमची, पण मान माझी!"

"अहो, कुणाला सांगताय?" वहिनी म्हणाल्या. "हे खजिनदार गणपतीकडूनसुद्धा पावतीवर सही घेतील."

मी निमंत्रण दिलं. प्रयोगाला साहेब पहिल्या रांगेत बसले. रंगमंचावर चष्मा निघाला आणि मांडवात हशा उसळला. साहेबही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "काल मजा आली. ते चष्म्याचं कुणाला सुचलं हो?"

"मंडळानं बसवलं, साहेब."

"तुमच्या शेजाऱ्यांनी एकदम पक्कं पकडलं मला."

"हो," मी म्हणालो. एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तेव्हा काही खुपलं नाही.

डिसेंबरात आदेश निघाला. शेजाऱ्यांच्या गोपनीय अहवालात 'पदास आवश्यक ते गांभीर्य नाही' असा शेरा पडल्याचं आस्थापना शाखेतून कळलं. जागा मला मिळाली.

संध्याकाळी शेजारी आले. "अभिनंदन. एक काम करा. मी अपील करतोय. ते चष्म्याचं तुम्ही लिहिलं होतं, मी फक्त बोललो, एवढं साहेबांना लिहून द्या."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

नव्या जागेवर सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. कायम झालो की लिहू, असं ठरवलं. जूनअखेर कायम झालो, तोवर अपील फेटाळलं गेलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वहिनींनी मात्र आमच्याकडे येणं बंद केलं.

फेब्रुवारी १९६० मध्ये ते आहे त्याच पगारावर निवृत्त होऊन नागपूरला गेले. त्यांच्या आणि हेडक्लार्कच्या पगारात फरक दरमहा अठ्ठावीस रुपयांचा होता. जानेवारी १९५८ पासून सव्वीस महिन्यांचे सातशे अठ्ठावीस. ते सगळे, दर महिन्याला सही करून, मी घेतले.