नाव कमी करताना

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे पुण्यात, वारज्याला राहायला आले. यवतमाळकडचं आमचं शेत त्यांनी गावातल्याच एकाला बटईनं दिलं. राबायचं त्यानं, पीक दोघांत निम्मं. सरकारचा शेतकरी सन्मानाचा हप्ता मात्र बाबांच्या खात्यावर येत राहिला.

एकदा पेरणीला दोनेक महिने असताना त्या बटईदाराचा फोन आला. बियाण्याचं बोलता बोलता त्यानं विचारलं, "काकाजी, तो हप्ता मले नाही भेटत का? वावर तर मीच पाहतो."

बाबा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "माझं नाव काढून टाक त्यातून. मी इथे लिफ्टनं वरखाली करतो, मी कसला शेतकरी."

मी शनिवारी त्यांना ई-सेवा केंद्रात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेत यांच्याच नावावर आहे ना? मग नियमात बसतात की. आपण बंद कशाला करताय?"

"त्यांना नकोय."

"इथे सगळे नाव घालायला येतात. काढायला आपणच पहिल्या. बसा."

बसलो. ओटीपी गेला तो बाबांच्या गावाकडच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर कधीच बंद पडला होता. म्हणजे आधी आधारला नवा नंबर जोडायचा. त्यासाठी दुसरं केंद्र, दुसरा शनिवार. तिथे बाबांचे ठसे उमटेनात. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. ते पँटला बोटं पुसायचे, परत यंत्रावर ठेवायचे. रांगेतला एक जण म्हणाला, "आजोबा, दाबू नका, नुसतं टेकवा." कधी सर्व्हर बंद, कधी माझ्या ऑफिसचं काम निघालेलं. घरी परतताना रिक्षात बाबांचा डोळा लागायचा. मी दोनदा म्हटलं, "बाबा, राहू द्या ना आता." त्यांनी पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

अखेर एका शनिवारी ठसा उमटला, नंबर जोडला गेला आणि नाव निघालं. बाबांनी त्याच संध्याकाळी बटईदाराला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकायला मला सांगितलं.

"मंग आता माह्या नावानं येईन का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "नाही हो. सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच मिळतो."

तो मग म्हणाला, "मंग काकाजी, घेत होते तेच बरं होतं. आता कोनालेच नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचाच बाबांना जास्त त्रास झाला असावा. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बाल्कनीत बसून राहिले. मी चहा ठेवला होता, तो निवला. मलाही त्यांची समजूत घालायचं त्राण नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी आपणहून परत फोन लावून मागितला. "यंदापासून मला निम्मं नको," ते त्याला म्हणाले. "चौथाई दे. बाकीचं तुझं."

"पोरीले इचारलं का?"

"विचारतो," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी कुकर लावत होते. मान हलवून होकार दिला.

मग दोघं कितीतरी वेळ तुरीबद्दल बोलत होते. कुठल्या तासात, कुठल्या ओळीत काय पेरायचं, बांधाकडचं पाणी कसं काढायचं. बाबांचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोठा झाला होता. कुकरच्या शिटीचा त्यांना अडथळा नको म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि ओट्याला टेकून जरा उभी राहिले.