बिनभोकाचा पैसा

नाणं हातात आलं की ते गृहस्थ डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख त्यावरून हळूच फिरवायचे. "नख काय म्हनतंय बगू," एवढंच बोलायचे. नख म्हणेल ते बहुधा खरं निघायचं, आणि याचाच मला राग यायचा.

सात रस्ता चौकाजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात ते मोडीत आलेली तांब्या-पितळेची भांडी तोलायचे. एखाद्या घागरीच्या तळाशी जुने पैसे चिकटलेले निघायचे, ते यांना मिळायचे. मी निवृत्तीनंतर रीतसर संग्राहक झालो होतो. भिंग, चिमटा, पांढरे हातमोजे, जाडजूड सूचिग्रंथ. असे नवशिके तुम्हीही पाहिले असतील. सामान भरपूर आणि नाणी सात.

ती सातही मी पहिल्या भेटीत चिंचेनं घासून, लखलखीत करून नेली. एक उचलून ते हळहळले. "आंगूळ घातली व्हय, सर? मेला की ह्यो." जुन्या तांब्यावरच्या काळपट थरालाच मोल असतं. हे सूचिग्रंथाच्या प्रस्तावनेत होतं. आयुष्यभर पोरांना प्रस्तावना वाचा म्हणून सांगणाऱ्या मी ती वगळली होती.

एकदा आम्ही नाण्यांच्या प्रदर्शनाला गेलो. शाल, श्रीफळ, फीत, सगळं यथासांग झालं. प्रमुख पाहुण्यांनी कंपनी सरकारचा पैसा कपाळाला लावला आणि शिवकाळावर अर्धा तास बोलले. टाळ्या चालू असताना हे माझ्या कानाशी लागले, "त्येच्यावर विंग्रजी लिवलंय की वो."

मग तो पैसा आला. इंग्रजी अमदानीच्या शेवटाला निघालेला, मधोमध मोठं भोक असलेला पैसा तुम्हाला आठवत असेल. यांना सापडला त्याला भोकच नव्हतं. टाकसाळीत पाडायचं राहून गेलेलं. अशा पैशासाठी लोक जन्म घालवतात. लबाड लोक साध्या पैशाचं भोक तांब्यानं बुजवून तो अस्सल म्हणून खपवतात, पण सांध्यावर नख अडकतं.

त्यांचं नख अडकलं नाही. मी भिंगातून पाहिलं, सांधा नव्हता. मला का नाही? यांच्याच घागरीत का?

"बुजवलेला आहे," मी म्हणालो. "खोटा."

त्यांनी पुन्हा नख फिरवलं. "नख तर काय म्हनंना. पर तुमी भिंगातनं बगितलाय."

"राहू द्या माझ्याकडे. नमुना म्हणून."

"छ्या! खोटा कशाला द्यू तुमास्नी, सर?" म्हणत त्यांनी तो खिशात टाकला.

पुढं माझं तिकडं जाणं कमी झालं. उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांची दोन वर्षांची नात उघडीच खेळत होती. कमरेच्या करगोट्यात एक पैसा ओवलेला. भोक जरा वाकडं, खिळ्यानं ठोकून पाडलेलं.

"त्यांनीच पाडलं," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "सर खोटा म्हनले, मग बिनभोकाचा ठिवून काय करायचा? पोरीला तरी हुईल, म्हनले." मग नातीला माझ्यापुढं उभं करून त्यांनी विचारलं, "आता भोक हाय. आता तरी खरा दिसतोय का वो, सर?"

मी नख फिरवलं. भोकाच्या कडेला ते अडकलं.

"खरा आहे," मी म्हणालो.