गर्भ होता, पण पिशवीत नव्हता

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई बराच वेळ एकाच जागी थांबून पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टेस्ट तो पॉझिटिव्ह है, पर यूटरस खाली है. साथ में कौन आया है?"

"कोणी नाही," मी मराठीतच बोलून गेले.

निदान होतं एक्टोपिक प्रेग्नन्सी. म्हणजे गर्भ पिशवीपर्यंत पोचतच नाही, वाटेतल्या नळीत रुजतो. तिथे तो वाढू शकत नाही, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन बाईच्या जिवावर बेततं. माझ्या नळीतून रक्त झिरपायला लागलं होतं.

आठवडाभर डावीकडे ओटीपोटात दुखत होतं, अधूनमधून रक्ताचा डाग दिसत होता. मयूर विहारच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसे. खालून बादल्या आणल्यामुळे दुखत असेल, असं मी धरून चालले. त्या दिवशी ऑफिसात खांदा ठणकायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी तिथूनच एकटी हॉस्पिटलात आले. पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते आहे. पाळी चुकली असेल आणि असं काही होत असेल, तर कोणाची वाट बघू नका. हॉस्पिटल गाठा.

माझा नवरा सुहास महिन्याभरापूर्वीच कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेला गेला होता. सॉफ्टवेअरवाल्यांना तेव्हा सगळीकडून बोलावणी येत होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हजबंड के साइन चाहिए." सर्जन मागेच उभे होते. "पेशंट होश में है. साइन वही करेगी," ते म्हणाले. मी सही केली. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, लॅप्रोस्कोपी. बेंबीपाशी एक आणि खाली दोन अशी बोटाच्या पेराएवढीही नसलेली छिद्रं पाडतात, पोटात गॅस भरून ते फुगवतात आणि आतलं पडद्यावर बघत काम करतात. डावी नळी वाचली नाही, काढावी लागली. "दूसरी ट्यूब बिल्कुल ठीक है," डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

खाट मिळाली ती बाळंतिणींच्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची मंडळी पेढे वाटत माझ्यापर्यंत आली आणि त्यांनी विचारलं, "आपको क्या हुआ?" मी म्हटलं, "ऑपरेशन." त्यांनी पेढा हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

सुहासचा फोन नर्सच्या टेबलावर आला. आवाज एक क्षण उशिरा पोचत होता. "थोडक्यात वाचलीस गं," तो म्हणाला. मग, "आणि मूल असं अजून झालंच नव्हतं ना." तो मला धीरच देत होता. मी हो म्हटलं. नाशिकला आईला कळवलं, पोटात गाठ होती, काढली.

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या सेक्शनमधली फरीदा शेख ऑफिस सुटल्यावर बस बदलून आली. ती सोलापूरची. आमची ओळख डबा खाण्यापुरती. तिने माझे गुंतलेले केस विंचरले, वेणी घातली आणि म्हणाली, "रड की गं. इथं कोण वळखतंय तुला?" पोटाला टाके होते, तरी मी रडले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आले. पंधरवड्यात कामावर रुजू झाले. पोटावरचे तीन व्रण वर्षभरात फिके पडले.

पुढे एकदा दुसऱ्याच कसल्याशा तपासणीसाठी फॉर्म भरला. रिसेप्शनवरच्या मुलीने तो परत माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, यहाँ गलती हो गई. प्रेग्नन्सी एक लिखी है, बच्चे जीरो."

अमेरिकेहून परतलेला सुहास शेजारीच उभा होता.

"गलती नहीं है," मी म्हटलं.