ऑनर डेव्हेनीची कबर

पूर्वजांचं गाव शोधत क्लूनगार या आमच्या आयरिश खेड्यात आलेला प्रत्येक अमेरिकन शेवटी डीलिया रुआनच्या दारात येऊन उभा राहायचा. पबवाला पाठवायचा, फादर पाठवायचे, पोस्टातली बाईही पाठवायची. बाकीच्यांना कामं होती आणि डीलियाला तोंड होतं.

सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली बाई. भाऊ गेल्यापासून ती, गाई आणि एक बहिरा कुत्रा एवढाच तिचा संसार. पाहुणा आला की ती चहा टाकायची, सोडा ब्रेडवर हात आखडता न घेता लोणी लावायची आणि विचारायची, "आडनाव काय म्हणालात?" मग डोळे मिटायची. "नदीकडचे की टेकडीकडचे?" बिचारा काहीतरी ठोकून द्यायचा. "वाटलंच मला! नाक बघा की, तेच!" पाहुणा हुरळून जायचा आणि तिला 'कझिन' म्हणायला लागायचा. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला आमच्या मेयो परगण्यात कोणीही कझिन चालतो.

मग ती त्याला रस्त्याकडेच्या पडक्या भिंतीपाशी न्यायची. "हेच ते घर." वेगवेगळ्या आडनावांचे लोक त्याच भिंतीपुढे गुडघे टेकून गेले. खरं म्हणजे तिथं पूर्वी पोलिसांची गाढवं बांधत. जाताना जो तो आठवण म्हणून एक दगड उचलून नेई, त्यामुळे भिंत दरवर्षी बसत चालली होती. शेवटी शेजारचा पॅकी लाव्हिन वसंतात ट्रॉलीभर दगड आणून तिथं ओतायला लागला.

"पाप लागेल तुला, डीलिया," तो म्हणायचा.

"कसलं पाप? खऱ्या घरांपर्यंत मैलभर चिखल आहे. त्यांचे पांढरे बूट बघितलेस का? आणि दगड तर तूच ओततोस की!"

"मी नुसता ओततो. खोटं तू बोलतेस."

गावाला ही थट्टा वाटे. पण डीलिया आधी आडनाव विचारायची, त्याला कारण होतं. तिला एकाच आडनावाची धास्ती होती, डेव्हेनी.

जमीनदाराच्या माणसांनी डेव्हेनींना घराबाहेर काढलं, तेव्हा सगळ्या गावानं शपथ घेतली होती की त्यांच्या शेताला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे खुन्याला लोक विसरतात, पण घालवलेल्या माणसाची जमीन लाटणाऱ्याला नाही. डीलियाच्या आजोबांनी, मायकल रुआननं, ती लाटली. डेव्हेनींची पोरं जहाजानं अमेरिकेला गेली, म्हातारी आई ऑनर मागं राहिली. मायकलनं तिला सरकारी गरीबखान्यात नेऊन सोडलं. हिवाळा सरायच्या आत ती मेली, आणि तिथल्या मोठ्या खड्ड्यात तिला इतरांबरोबर ढकललं. डीलियाच्या गाई चरत ते डेव्हेनींचं शेत, आणि गोठा म्हणजे डेव्हेनींचं घर. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या तोंडावर मात्र कोणी ब्र काढत नव्हतं, आणि त्या न बोलण्यावरच डीलिया मान वर करून जगत होती.

आणि एका एप्रिलमध्ये एक उंच, शांत म्हातारा दारात उभा राहिला. "वॉल्टर डेव्हेनी. ओहायोहून आलोय."

 चहा न विचारताच डीलियानं त्याला भिंतीपाशी नेलं. "हेच ते घर," ती म्हणाली, आणि नाकाबद्दल बोलायचं विसरली.

वॉल्टरनं भिंतीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "मी घर बघायला नाही आलो, डीलियाबाई. तुम्ही रुआन ना? मी तुमचे आभार मानायला आलोय."

"माझे?"

"तुमच्या आजोबांचे. आमची पणजी इथंच राहिली ना, ऑनर. मायकल रुआन माझ्या आजोबांना म्हणाला होता, जमीन मी बघतो आणि म्हातारीलाही मीच सांभाळतो, तुम्ही बिनघोर जा. आमच्या घरात रोज रात्री प्रार्थनेत मायकलचं नाव घेतलं जायचं. मी लहानपणापासून ऐकत आलोय."

डीलियाला वाटलं, हा आपली टर उडवतोय. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तो टर उडवत नव्हता. शिव्या ऐकायची तयारी तिनं जन्मभर केली होती, आभार ऐकायची नव्हती.

"तिची कबर तेवढी दाखवाल?" वॉल्टर म्हणाला.

आता तरी खरं बोलावं की नाही? पण नाही. इतक्या लोकांना खोटं घर दाखवलेल्या जिभेला वेगळी सवयच उरली नव्हती. ती त्याला दफनभूमीत घेऊन गेली आणि सरळ रुआनांच्या कबरीपुढे उभी राहिली. "इथं आहे. आमच्यातच. घरच्यासारखीच होती ना."

वॉल्टरनं टोपी काढली. मग डीलियाचा हात हातात घेऊन तो प्रार्थना पुटपुटला. घरी आल्यावर तिनं पॅकीला सांगितलं, "मारून नेली वेळ एकदाची."

"ऑनरची कबर दाखवलीस? रुआनांची?" पॅकी हसला नाही. "तुला काही वाटतं की नाही गं, बाई?"

"तू आपल्या मेंढ्या बघ!"

जुलैत आमच्याकडे कबरींचा रविवार असतो. आठवडाभर आधी जो तो आपल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून ठेवतो, आणि त्या दिवशी सारं गाव आपापल्या कबरीपाशी उभं राहतं. फादर पाणी शिंपडत फिरतात आणि लोक शेजारच्यांच्या कबरीतल्या उणिवा काढतात. डीलियानं शुक्रवारीच रुआनांचा दगड घासून लख्ख केला होता.

रविवारी ती गेली तर तिथं वॉल्टर बायको, मुलं, नातवंडं घेऊन उभा. दगडावर चादर टाकलेली. शेजारी शहरातला दगडकाम करणारा गिल्रॉय, नवा सूट घालून.

"सरप्राइज आहे, कझिन!" म्हणत वॉल्टरनं चादर ओढली.

दगडावर वर आजोबांचं, मग आईवडिलांचं आणि भावाचं नाव होतं. त्याखाली डीलियाच्या नावापुरती जागा कोरी ठेवली होती, म्हणजे आत्तापर्यंत होती. आता तिथं तळापर्यंत सोनेरी अक्षरं भरली होती: 'ऑनर डेव्हेनी. घराबाहेर काढल्यावर हिला मायकल रुआन यांनी आसरा दिला आणि हिच्या जमिनीचा सांभाळ केला. कृतज्ञ डेव्हेनी कुटुंब.'

शंभर वर्षं जे कोणी उच्चारलं नव्हतं, ते सोन्यात लिहिलेलं वाचायला सगळं गाव माना वाकड्या करकरून पुढं सरकलं. मागच्या रांगेत कोणाला तरी खोकल्याची उबळ आली. तो खोकला नव्हता.

"बघा," पॅकी कुजबुजला, पण त्याची कुजबूज तीन कबरींपलीकडे ऐकू जाई. "डेव्हेनींनी शेवटी रुआनांची जागा घेतलीच."

"आवडलं ना?" वॉल्टरनं विचारलं. त्याची धाकटी नात गवतात बसून फुलं लावत होती.

ते सोनं पुसायचा एकच मार्ग होता, सगळ्यांसमोर खरं बोलण्याचा. डीलियानं तोंड उघडलं. मागचा खोकला थांबला.  तिनं त्या पोरीकडे पाहिलं, वॉल्टरच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

"अक्षरं छान आलीत," ती म्हणाली.

फादर पाणी शिंपडून पुढं गेले. पाहुणे फोटो काढण्यात गुंतल्यावर तिनं गिल्रॉयची बाही ओढली.

"माझी वेळ आली की माझं नाव मागच्या बाजूला कोर," ती हळूच म्हणाली. "कुंपणाच्या भिंतीकडच्या."