खोडण्याआधी विचारणारं हत्यार

संगणकानं काही विचारलं की आमच्या शेजारचे सुभेदार खुर्चीत ताठ बसत, मोठ्यानं "व्हय!" म्हणत आणि मगच बटण दाबत. "अहो, त्याला ऐकू येत नाही," मी सांगून बघितलं. "नसंल येत. पर इचारलंय तर उत्तर द्याया नको?"

मूळचे म्हसवडकडचे. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेले. गावाकडचा पेशंट इथल्या दवाखान्यात आला की रक्तासाठी फोन यांनाच. म्हणून रक्तदात्यांची नोंद घरच्या संगणकावर ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं यावरून माझं डोकं खाल्लं. मी ऑफिसात डेटाबेस सांभाळणारी, म्हणून सल्लागार! एकाचे रंग भडक, दुसऱ्यात मराठी नावांची मोडतोड. शेवटी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचं एक पसंत पडलं. हुकूम म्हटल्यावर सुभेदार खूश!

त्यांचा नियम एकच. गेलेल्याचं नाव लगेच काढायचं, ऐन वेळी फोन वाया जायला नको. गावातला बाळू माने वारला. यांनी हुकूम सोडला, 'बाळू माने' खोड. झालं! गावात बाळू माने पैशाला पासरी. एकापायी सगळे गेले, आणि संगणकानं हूं की चूं केलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात फोन आला. एका बाळंतिणीचं रक्त फार गेलं होतं, बी निगेटिव्ह हवं होतं. ते होतं एका बाळूचंच! सुभेदारांनी लगेच गावात फोन लावून बाळूचा नंबर मागितला.

"आवं, कुठला बाळू? डेपोतला का पैलवान?"

"रक्त दिलं की चक्कर येऊन पडतोय, त्यो!"

"मग पैलवान!"

पैलवान आला, रक्त दिलं आणि रीतसर आडवा झाला. बाळंतीण वाचली.

दुसऱ्या दिवशी सुभेदार माझ्या दारात. "ताई, दुसरं हत्यार बगा. दिसाया कसं का असंना, खोडायच्या आदी इचारणारं पायजे." मी तसलं शोधून दिलं, टोपणनावाचा रकानाही घातला. वय झालं तरी स्वतःचं नाव मात्र काढू देईनात. "रक्त न्हाई तर न्हाई, आणाय-सोडाय गाडी हाय की."

परवा सुभेदार गेले. नोंदी आता माझ्याकडे आहेत, आणि नियम त्यांचाच. त्यांचं नाव खोडायला पडद्यावर आणलं, तर टोपणनावाच्या रकान्यात त्यांनीच लिहून ठेवलेलं, 'गाडीवाला'. हसू आलं आणि मग रडूच कोसळलं.

'नक्की खोडायचं?' संगणकानं विचारलं. मी ताठ बसले. ते बिचारं विचारून थांबलं होतं.

"व्हय, सुभेदार," मी म्हणाले, आणि बटण दाबलं.