पहिल्या नंबराचे वैरी

पहिल्या नंबराचा इतका द्वेष करणारा माणूस आमच्या आत्याच्या यजमानांखेरीज जगात दुसरा झाला नसेल. झाला असेलच, तर काकांनी त्यालाही ‘आधी तुम्ही’ म्हणून पुढे केलं असतं. पंगतीत ते शेवटच्या पानावर बसत आणि तिथे कोणी आधीच बसलेलं दिसलं तर मनातून खट्टू होत. कॅरममध्ये शेवटची सोंगटी उरली की त्यांना हटकून तहान लागे, आणि पाणी प्यायला गेलेले काका परत येत नसत. एकदा गणपतीत त्यांनी शेजारच्या मास्तरांना आरतीचं ताट आधी घेण्याचा आग्रह केला. मास्तरही तसेच चिवट निघाले. दोघांच्या सौजन्यात कापूर विझला आणि आत्याला तो पुन्हा लावावा लागला.

हा विकार त्यांना लष्कराच्या घोड्यांच्या छावणीत कारकुनी करताना जडला होता. साहेबलोकांनी पैजेपायी ऊर फुटेस्तोवर पळवलेले घोडे त्यांनी तिथे पाहिले होते. पेन्शन घेऊन ते नेरळला आले. पावसाळ्यात माथेरान बंद झालं की तिथले घोडे खाली नेरळला उतरत आणि दिवाळीला पुन्हा वर जात. गणपती गेल्यावर पाऊस उघडे, त्या मधल्या दिवसांत ते नुसते उभे असत. काकांनी घोडेवाल्या चाचांना गळ घातली आणि आम्हा पोरांना लांबलांबच्या रपेटीला न्यायला सुरुवात केली. स्वतः मात्र ते जन्मात घोड्यावर बसले नाहीत. आपलं वजन त्या मुक्या जिवानं का वाहायचं, असं म्हणत ते सायकलवरून मागून येत.

ते घोडेही काकांना शोभणारेच होते. प्रवाशांना पॉइंट दाखवण्यात त्यांचा जन्म गेलेला. जरा मोकळं दिसलं की ते थांबत, आणि पाठीवरच्या माणसाचा देखावा बघून झाला अशी खात्री पटेपर्यंत हलत नसत. माझी घोडी पोशीरच्या वाटेवर भाताच्या प्रत्येक खाचरापाशी मला सृष्टिसौंदर्य दाखवी. मुक्कामाला पोचलो की काका आधी घोड्याच्या बरगडीला कान लावून, मनगटावरच्या घड्याळात बघत ठोके मोजत. मग खोगिराखाली हात घालून घाम बघत, मग एकेक खूर उचलत. तोवर आम्ही भुकेनं कळवळत उभे. सगळे घोडे ठीक निघाले की सगळ्यांना सारखेच चणे. पहिलं कोण आलं असं कोणी विचारलंच, तर म्हणत, “घोडा आला. तू त्याच्या पाठीवर होतास.”

घोड्यांना लागणारा पेंढा भातगिरणीच्या मालकांकडून येई, कारण त्यांची मुलगी आमच्यात होती. ज्यात कोणी जिंकत नाही तो खेळ कसला, हे मालकांना काही केल्या कळेना. कोंडाणे गावापर्यंतच्या रपेटीला त्यांनी एक चांदीची वाटी जाहीर केली आणि ती घेऊन ते स्वतःच आमच्या आधी तिथे जाऊन बसले. नाही म्हणावं तर पेंढा बंद, पेंढा नसला की घोडे दुसरीकडे, आणि घोडे गेले की रपेटी संपल्या. आत्यानं समजावलं की वाटी त्यांची, हौस त्यांची, तुमचं काय जातं? काकांनी वाटीला होकार दिला, पण त्यांना जेवण जाईना.

वाटी म्हटल्यावर आम्हा पोरांच्या अंगात वारं शिरलं. घोड्यांनाही देखावे आठवू दिले नाहीत आम्ही. मालकांची मुलगी सगळ्यांच्या बरीच पुढे होती. कोंडाण्याची घरं दिसू लागली आणि ती एकाएकी खाली उतरली, लगाम धरून घोडीबरोबर चालू लागली. आम्ही एकेक करून तिच्या पुढे गेलो. वाण्याचा मुलगा पहिला पोचला. ती सगळ्यांच्या शेवटी आली, तेव्हा तिचे वडील लालबुंद झाले होते.

“पडलीस काय गं?”

“नाय बाबा. तिला धाप लागली व्हती. मंग उतरली मी.”

काकांनी घोडीला कान लावला, तो नेहमीपेक्षा बराच वेळ. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मालकांनी चडफडत वाटी त्यांच्या हातात दिली आणि कोणाला द्यायची ती द्या म्हणाले. तेव्हा काकांनी जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारला.

“पहिली ही.”

झालं. पेंढ्यासाठी काकांनी मालकांच्या मुलीला शेवटून पहिली केली, असा नेरळभर बोभाटा झाला. वाण्यानं तर दुकानात बसून गिऱ्हाइकागणिक ही कथा ऐकवली. ज्या माणसानं उभ्या जन्मात कोणाचाच पहिला नंबर मानला नाही, त्यानं एकदाच मानला आणि लोकांना तेवढीच लबाडी सापडली. मालकांनी वाटी परत नेली, आणि आपण यातले नाही हे दाखवायला पेंढाही बंद केला. पुढच्या पावसाळ्यात चाचांनी घोडे खालापूरकडे नेले. तोंड मिटून बसायला काय झालं होतं, म्हणून आत्यानं फैलावर घेतलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, “राहवलं नाही गं.”

त्या वर्षी गणपती गेल्यावर मालकांची मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि पोशीरला जाऊया का म्हणाली. काका ओशाळून म्हणाले, “अगं, घोडे कुठायत आता?”

“ठावं हाय. चालत जाऊ.”

काकांनी सायकल भिंतीलाच ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. दोघं शेजारीशेजारी बांधावरून निघाले. काकांची आम्ही इतकी थट्टा केली, आजही करतो. त्या दिवशी ओट्यावरून बघताना मात्र मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.