काढील त्याचा फोटो

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे आमच्या ऑफिसात किस्से साचतात. कीस निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून चहाला जो येईल त्याच्या गळ्यात मी ते मारते.

ऑफिस थेरगावात, डांगे चौकाजवळ, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी आणि प्रकाश. मी गिऱ्हाइकांशी बोलते, प्रसंगी भांडते. प्रकाश वेबसाइट बनवतो आणि गप्प बसतो. भोसरीपासून चाकणपर्यंतची छोटी वर्कशॉपं, मेसवाले, लॉन्सवाले, मसालेवाले हे आमचं गिऱ्हाईक. बरं चाललं होतं. मग त्या मेल यायला लागल्या. तुमच्या वेबसाइटवरचा अमुक फोटो आमच्या मालकीचा आहे, परवानगी घेतलेली दिसत नाही, सबब भरपाई द्या. आणि खाली पुराव्याला तोच फोटो.

पहिली मेल आली भलत्याच माणसाला, पण वाचताना मला आधी आठवली ती दशरथभाऊंची आई.

दशरथभाऊ चाकणजवळच्या एका गावचे. कांदा-लसूण मसाला करून विकतात. त्यांची वेबसाइट उघडली की समोर त्यांची आई, गजराबाई. कांद्याच्या ढिगाशी बसून पात कापताहेत, उन्हानं डोळे बारीक झालेत आणि कशाला तरी मनापासून हसताहेत. हा फोटो घरातल्या कुणी काढलेला नाही. दशरथभाऊंची पुतणी मोबाईलवर कांद्याचे फोटो शोधत होती, त्यात तिला तिची आजीच सापडली. पूर्वी कधीतरी एक फोटोवाला वावरात आला होता, त्यानं काढलेला. ते वावर आता नाही. तिथं कंपनीच्या नव्या गाड्या उभ्या करायचं यार्ड झालंय. वावराचा आणि वावरातल्या आईचा दुसरा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. बाकी सगळ्यांचे फोटो गेले तरी चालतील, हा एक राहावा, एवढंच मला वाटत होतं.

*

ती पहिली मेल आली कैलासभाऊंना. त्यांचं तळवड्यात फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्यांच्या वेबसाइटवर पिवळं हेल्मेट घातलेला, हाताची घडी घातलेला एक गोरापान इंजिनियर होता. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, तुमच्या वेल्डरचा फोटो लावू, हसरा माणूस आहे. तर म्हणाले, “मॅडम, आपल्या तोंडाकडं बघून कोण ऑर्डर देतंय?”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचं हसू येत नाही. आमच्या साइटींवर परक्यांचीच तोंडं का, तर आपल्या तोंडावर आपलाच भरवसा नाही.

एकदा एका कंपनीचे परचेसवाले शेड बघायला आले आणि त्यांनी त्या गोऱ्या इंजिनियरला भेटायचं म्हटलं. कैलासभाऊ जरासुद्धा डगमगले नाहीत. साहेब सुट्टी टाकून गावाला गेलेत, म्हणाले.

मेल आल्यावर त्यांनी मला उत्तर सांगितलं, तसंच लिहा म्हणाले: फोटो गूगलवर होता, काय असेल ते गूगलला विचारा. मी ते लिहिलं नाही, फोटो उतरवला. साहेब कायमचे गावाला गेले.

*

मग आम्ही एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. फोटो ज्यानं काढला, तो त्याचा मालक. ज्याच्या मोबाईलवर आला तो नाही, आणि ज्याचा काढला तोही नाही.

प्रकाश दोन दिवसांत एक वाक्य बोलतो. ते त्यानं तिथं वापरलं. फोटोतलं माणूस आपलं असलं तरी? वकील म्हणाले, तरी.

जिना उतरताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. कैलासभाऊ सोबत होते, ते मात्र खूश झाले. त्या दिवसापासून त्यांनी मेहुण्याला फोटो काढू देणं बंद केलं. म्हणतात, “सेल्फी काढायचा. मालकी घरात राहते.”

*

दुसरी मेल रावेतच्या आबांना. जुने गाववाले, जमिनीवर लग्नाचं लॉन काढलेलं. वेबसाइटवर नवरा-नवरीचा फोटो होता, कुणाकुणाच्या व्हॉट्सॲपवरून फिरत त्यांच्यापर्यंत आलेला. काढणारा होता लांबच्या शहरातला फोटोग्राफर.

आबांना रागही आला नाही, भीतीही वाटली नाही. त्यांना खरोखर कळेचना. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत कुणाचा फोटो लावायचा राहिला तर तो माणूस महिनाभर बोलत नाही. फोटो लावणं म्हणजे मान देणं. मी तास घालवून कायदा सांगितला. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरी, आमी ज्याचा फोटू लावतो त्यो घरी येऊन च्या पिऊन जातो. ह्यो बाबा नोटीस कशापायी पाठिवतोय?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग त्यांनी तोडगा काढला. त्या फोटोग्राफरचा पासपोर्ट साइज फोटो मागवा, खाली लावू, शुभेच्छुक म्हणून.

तेव्हा मी ऑफिसभर हसत सुटले होते. आता वाटतं, आबांचं जग जास्त सरळ होतं. कुणी कुणाचा फोटो लावला तर त्यानं चहाला यावं, एवढंच त्यात होतं. ते जग गेलं आणि आबांना कुणी कळवलंच नाही.

*

यानंतर आम्ही ठरवलं, मेल यायची वाट बघायची नाही. सगळ्या साइटी धुऊन काढायच्या आणि ज्याचे त्याचे खरे फोटो लावायचे. दशरथभाऊंची साइट मी मुद्दाम शेवटी ठेवली.

महाळुंग्याच्या संगीताताईंचा नंबर लागला. त्या लातूरकडच्या, कंपनीतल्या पोरांसाठी मेस चालवतात. त्यांच्या साइटवर पितळी ताटातली शाही थाळी होती. ती कुठल्या मुलखातली होती ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि पोरं यायची ती त्यातली मिठाई मागायची. मी म्हटलं, ताई, तुमचंच ताट वाढा, प्रकाश येऊन फोटो काढेल.

त्या बाईनं सकाळपासून राबून ताट सजवलं. भाकरी, वरण, वांग्याची भाजी, ठेचा, कडेला लिंबाची फोड. चाकणचं ट्रॅफिक आडवं आलं आणि प्रकाशला उशीर झाला. तेवढ्यात पहिली शिफ्ट सुटली. भुकेली पोरं आली, एक ताट वाढलेलंच दिसलं, एकानं ओढून खाल्लं. संगीताताई रागवायला गेल्या, पण पोरगं त्यांच्याच गावाकडचं निघालं आणि ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. मग काय रागवणार!

प्रकाशनं चाटूनपुसून साफ केलेल्या ताटाचा फोटो काढून आणला. तोच लावलाय. अजून आहे.

*

आणि मग दशरथभाऊंना मेल आली. आम्ही साइट धुवायच्या आधीच आली.

ते ऑफिसात आले तेव्हा हातात प्रिंट होती आणि ते बसायलाही तयार नव्हते. आई माझी, वावर माझ्या बापाचं, कांदा आमचा, आणि चोर मी? मी नोटीसवाल्यांना सविस्तर लिहिलं, ही बाई ह्या माणसाची सख्खी आई आहे. उत्तर आलं, फार अदबीचं. भावना समजू शकतो. फोटो ठेवायचा असेल तर दरसाल परवान्याची रक्कम भरावी लागेल.

दशरथभाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं. “म्हणजे आईला भाड्यानं घ्यायची?” ते म्हणाले. इतकी भांडखोर बाई मी, पण भांडायचं कुणाशी तेच कळेना. ज्यानं काढला त्याच्या मालकीचा, हे तर खरंच होतं.

फोटो उतरवायचं ठरलं. निदान आईला आधी सांगू, म्हणून आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. गजराबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. दशरथभाऊंनी प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी नोटिशीकडे पाहिलंच नाही. खाली फोटो छापलेला होता, कागदावरचा त्यांच्या हातात आलेला पहिलाच, त्याच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

त्यांना तो पोरगा लख्ख आठवत होता. मोटारसायकलवर आलेला, भर उन्हाचा. त्यांनी त्याला भाकरी दिली होती, कांदा फोडून दिला होता, आणि त्याला तो इतका झोंबला की तो रडायला लागला. त्यालाच त्या हसत होत्या फोटोत.

“जाताना म्हनला व्हता, आज्जी, फोटू पाठिवतो,” त्या म्हणाल्या. “पाठिवला म्हनायचा एकदाचा.”

दशरथभाऊ उठून बाहेर गेले. शेवटी मीच म्हटलं, आई, चला, तुमचा नवा फोटो काढू, त्याच जागेवर, जमेल तसा.

यार्ड घरापासून जवळच आहे. तारेच्या कुंपणापलीकडे पांढऱ्या गाड्यांच्या रांगा, काचांवर अजून प्लॅस्टिक. गजराबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. मी मोबाईल वर धरला, तेवढ्यात त्यांनी हात करून थांबवलं.

“ज्यो फोटू काडंल त्येच्या मालकीचं, असा कायदा हाय न्हवं?”

मी म्हटलं, हो, तसाच आहे.

“लेकी, आन इकडं.”

त्यांनी मोबाईल घेतला, कुठं दाबायचं ते विचारून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून कुंपणाच्या तारेत तो घुसवला. फोटो निघाला. तिरपा. अर्ध्यात गाड्या, अर्ध्यात आभाळ, आणि कोपऱ्यात लसणाची साल चिकटलेलं त्यांचं बोट.

मसाल्याच्या साइटवर आता तोच आहे. गाड्यांचा फोटो कशाला, म्हणून गिऱ्हाइकं फोन करतात.

मोबाईल परत देताना त्यांनी मला विचारलं, “आता ह्ये वावर माझं ना?”

मी हो म्हणाले.